मुक्काम किती दिवसांचा?

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. हे आधी पाहून न ठेवल्यामुळे फाटकावरूनच परत फिरावं लागलेली कुटुंबं दोन्हीकडे भेटतात. शनिवार-रविवारला एक रजा जोडायची, छत्रपती संभाजीनगरात दोन रात्री काढायच्या आणि त्यात अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, घृष्णेश्वर आणि जमलं तर पैठणही बसवायचं, असा बेत आपल्याकडे सर्रास आखला जातो. हिशोब होतो तो रजांचा, गाडीभाड्याचा आणि खोलीच्या दराचा. जिथे जायचं त्या जागेचंही काही वेळापत्रक असतं, हे त्या हिशोबात येतच नाही.

प्रवासात एका जागी जास्त दिवस राहावं की कमी, या प्रश्नाचं उत्तर मला त्या जागेच्या फेऱ्यात सापडतं. प्रत्येक ठिकाणाचा एक फेरा असतो. कुठे तो उन्हाचा असतो, म्हणजे एका दिवसाचा. कुठे आठवडी बाजाराचा, कुठे चंद्राचा, कुठे ऋतूचा. आपण ज्यासाठी गेलो त्या गोष्टीचा एक फेरा डोळ्यांखालून गेला की मुक्काम पुरा झाला, मग तो दीड दिवसाचा का असेना. आणि फेरा अर्धवट सुटला तर पाच दिवस राहूनही काहीतरी हातचं निसटलेलं असतं.

वेरूळचंच पाहा. सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो, दुपार कलली की ऊन थेट त्यावर येतं आणि कोरीवकामाच्या कडा उठून दिसायला लागतात. बहुतेक सहली सकाळी साडेनऊ-दहाला तिथे पोचतात, तासाभरात कैलास उरकतात आणि जेवायला निघतात. तिथे एकूण ३४ लेणी आहेत आणि ती जवळपास दोन किलोमीटरच्या डोंगरकडेवर पसरलेली आहेत: पहिली बारा बौद्ध, मधली सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. सकाळी बौद्ध लेण्यांपासून सुरुवात करावी, दुपारी जैन लेणी पाहावीत आणि साडेतीनच्या सुमारास कैलासासमोर यावं. एक पूर्ण दिवस, सूर्याचा एक फेरा. त्याहून जास्त लागत नाही, पण कमीही पुरत नाही.

अजिंठ्याचा फेरा आपल्या डोळ्यांचा आहे. बाहेरच्या रखरखीत उन्हातून चित्रांच्या लेण्यात शिरलं की पहिली काही मिनिटं जवळजवळ काहीच दिसत नाही. माणसाचा डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. गर्दीच्या दिवशी आत तेवढा वेळ थांबू देत नाहीत. त्यामुळे डोळे उघडायच्या आतच माणसं बाहेर पडतात आणि चित्रं पुसट झालीत म्हणून हळहळतात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी किंवा सतराव्या लेण्यातल्या जातककथांची भिंत नीट पाहायची तर बुधवार-गुरुवारसारखा मोकळा दिवस धरावा, आदल्या रात्री पायथ्याच्या फर्दापूरला मुक्काम करावा आणि फाटक उघडायच्या वेळी हजर राहावं. संभाजीनगरातून शंभर किलोमीटर गाडी हाणत आलं तर दिवसाची सर्वांत चांगली वेळ रस्त्यातच जाते.

ही लेणी कोरली गेली ती मुळात लांब मुक्कामासाठी, हे तिथे हिंडताना आवर्जून आठवावं. बौद्ध भिक्षूंना वर्षभर चारिका करण्याची, म्हणजे फिरत राहण्याची शिस्त होती आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम होता. तो वर्षावास. विहारातल्या त्या लहान लहान खोल्या, भिंतीतच कोरलेले ओटे, हे सगळं त्यासाठी. आपल्याकडे संन्याशांचा आणि जैन साधूंचा चातुर्मास याच धाटणीचा. फिरणं आणि राहणं या दोन्हींना त्या लोकांनी ऋतू वाटून दिले होते.

या मुक्कामाचा खर्च कसा भागायचा, याचा एक पक्का हिशोब नाशिकच्या पांडवलेण्यात दगडावर कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी तिथे लेणं दिलं आणि त्याबरोबर ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक या दराने व्याज ठरलं. ते कशासाठी, तर त्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं, चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. गणित करून पाहा: २००० वर महिन्याला वीस, वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा म्हणजे बरोबर २४०. मूळ रकमेला हात न लावता दर पावसाळ्याचा मुक्काम निभावून न्यायची ही सोय. तो लेख उभ्या उभ्या दोन मिनिटांत बघून होतो, पण त्यासमोर हा हिशोब मनात मांडला तर तिथून पाय निघत नाही.

आता समुद्राकडे वळू, कारण लांब मुक्काम म्हणजे काय हे कोकण सर्वांत चांगलं शिकवतं. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परतणाऱ्याला समुद्र एकच वाटतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो रोज निराळा असतो. भरती दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. कोकणात याचा तोंडी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. गावागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही.

म्हणजे पौर्णिमेला गेलेल्या माणसाला दुपारी बाराच्या आसपास भरती मिळते आणि सकाळ-संध्याकाळ ओहोटी. पहाटे उठून गेलं तर समोर लांबच लांब ओली पुळण पसरलेली. अष्टमीला गेलेल्याला याच्या नेमकं उलट: सकाळी सहाला पाणी वर आलेलं, भरदुपारी ओहोटी. दोघंही एकाच घरात उतरलेले असतील, तरी परत आल्यावर दोघांनी केलेली वर्णनं जुळणार नाहीत. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढही कमी आणि उतारही कमी. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची बातमी पेपरात येते, ती उधाणाची. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येतं. तिथे जायचं तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी धरावी, भांगात पाणी फारसं हटत नाही. उधाणापासून भांगापर्यंत सात-आठ दिवस लागतात. तेव्हा समुद्र पाहायला जायचं असेल तर मी आठवडा धरतो, आणि बरोबर कालनिर्णय ठेवतो.

मालवणच्या किनाऱ्यावरची रापण पाहायची असेल तर तिला तिथीही नाही आणि वारही नाही. मासळी किनाऱ्याजवळ आल्याची चाहूल लागली की रापणकर जमतात. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत नेतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ती दोन्हीकडून ओढायला लागतात. दोर ओला, जड, हाताला काचणारा. ओढताना दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकत येतात आणि शेवटी जाळ्याचा मधला भाग फडफडत वाळूवर येतो. मग तिथेच वाटे पडतात. हे पाहणं नशिबाचा भाग आहे, आणि नशिबाला वाव द्यायला दिवसच हाताशी असावे लागतात. दोन दिवसांत रापण दिसली तर आनंदच. आठवडाभर रोज सकाळी किनाऱ्यावर चक्कर मारणाऱ्याला ती दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त.

गोव्यात फेरा वाराचा आहे. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारचा. शनिवारी उतरून सोमवारी परतणाऱ्या लाखो पर्यटकांच्या नजरेला तो कधी पडतच नाही. त्यांना किनाऱ्यावरची दुकानं म्हणजेच गोवा वाटतो. गुरुवारी पोचलं की शुक्रवार सकाळ आपोआप पदरात पडते, खर्च एका रात्रीचा. आणि तो शुक्रवार मे महिन्यातला असेल तर पावसाळ्याच्या बेगमीचा, म्हणजे पुरुमेंताचा, माल दिसतो: सुकी मासळी, मिरच्या, सोलं, चिंच.

काही ठिकाणी फेरा आपल्या शरीराचा असतो आणि तिथे घाई जिवावर बेतते. लेह ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश. मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून थेट लेह असं सकाळी विमानाने उतरलं, की शरीराला काही तासांत एवढा फरक सोसावा लागतो. प्राणवायू कमी म्हणून श्वास जोरात चालतो, त्यामुळे कर्बवायू जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी बनतं. ते सुधारायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात, आणि या कामाला दिवस लागतात, तास नाही. पर्वतीय वैद्यकाचा ठोकताळा असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा धरावा.

आता ‘पाच दिवस, चार रात्री’ची लडाखची जाहिरात या ठोकताळ्याशी ताडून पाहा. दुसऱ्याच रात्री पँगाँगला मुक्काम, म्हणजे सुमारे ४२५० मीटर. एका उडीत साडेसातशे मीटर. डोकेदुखी, उलट्या आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही, एवढ्यावर निभावलं तर बरं. फुफ्फुसात पाणी भरण्याचा प्रकारही अशाच घाईत घडतो आणि तो माणसाला मारू शकतो. लेहमध्ये पहिले दोन दिवस शांत काढावेत. मग नुब्रा, कारण तिथली झोपण्याची उंची लेहपेक्षा कमी आहे, आणि शेवटी पँगाँग. सात-आठ रात्री नसतील तर लडाखचा बेत पुढच्या वर्षावर ढकलावा. यात मला तडजोड मान्य नाही.

सपाटीवरही शरीराचा एक छोटा फेरा असतो, तो पहिल्या रात्रीचा. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना तो इतका ओळखीचा आहे, की प्रयोगशाळेतल्या पहिल्या रात्रीची नोंद ते बरेचदा बाजूला ठेवतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की अशा पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो. माणूस झोपलेला असला तरी त्याच्या मेंदूचा अर्धा भाग राखण करत असतो. दुसऱ्या मुक्कामापर्यंत हा फरक गेलेला दिसला. आता आठ रात्रींत सहा हॉटेलं बदलणारी युरोपची सहल डोळ्यांसमोर आणा. आठांतल्या सहा रात्री पहिल्या रात्री. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस, आणि बसमध्ये निम्मी मंडळी खिडकीला डोकं टेकून झोपलेली. आल्प्स बाहेरून जात असतो.

अशा सहलींना नावं ठेवणं सोपं आहे, पण मी ठेवणार नाही. जन्मभर घर, नोकरी, मुलांची शिक्षणं यांतून बाहेर न पडलेल्या जोडप्याला साठीनंतर एकदाच परदेश बघायचा असतो, भाषेची भीती असते, जेवणाची काळजी असते. त्यांना पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम एका दमात दिसले तर त्यात काहीही गैर नाही. फक्त दोन-दोन रात्रींचे मुक्काम देणारी सहल निवडावी आणि त्यासाठी एक देश कमी झाला तरी चालवून घ्यावं.

सुट्टीने माणूस किती ताजा होतो, यावर नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं आहे. सरासरी २३ दिवसांच्या लांब सुट्टीवर गेलेल्या ५४ नोकरदारांची त्यांनी सुट्टीच्या आधी, मध्ये आणि नंतर विचारपूस केली. बरं वाटणं पहिल्या काही दिवसांत भराभर वाढलं, आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर पोचलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच पूर्वपदावर आलं. माणसं थोडी आहेत, त्यामुळे आठ हा आकडा कुणी शिरावर घेऊ नये. पण ज्याला नुसता थकवा घालवायचा आहे, त्याने वर्षातून एकच महिनाभराची सुट्टी घेण्यापेक्षा आठ-आठ दिवसांच्या दोन-तीन घ्याव्यात, असं यावरून वाटतं.

आठवणींचा हिशोबही लांब मुक्कामाच्या बाजूचा नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवून दिलं आहे, की एखाद्या अनुभवाची आठवण त्याच्या लांबीवर फारशी ठरत नाही. त्यातला सर्वांत उत्कट क्षण आणि शेवट, यांवर ती तोलली जाते. चौदा दिवस राहिल्याने सात दिवसांच्या दुप्पट आठवणी मिळत नाहीत. हे खरं मानूनही मी लांब मुक्कामाची बाजू घेतो, कारण आठवण आणि ओळख या वेगळ्या गोष्टी आहेत. पाचव्या दिवशी किराणा दुकानदार आपण काही विचारायच्या आधी हसतो. सातव्या दिवशी कुठल्या गल्लीतून सावलीने जाता येतं हे पायांना कळतं. यातलं काही आठवणींच्या यादीत ठळक बसत नाही, पण ती जागा आपल्याला थोडी समजलेली असते, आणि पुढे तिच्याविषयी कुठे काही वाचलं तर ते आत पोचतं.

पैशाचं गणित थोडक्यात. प्रवासखर्च एकदाच होतो आणि तो राहण्याच्या दिवसांवर विभागला जातो. समजा परदेशी जाण्या-येण्याचं विमानभाडं माणशी ६०,००० रुपये आहे. पाच दिवस राहिलं तर ते रोजचे १२,००० पडतं, वीस दिवसांना ३,०००. आठवडाभर किंवा महिनाभर घर घेतलं तर बरेच घरमालक दर कमी करतात, आणि चूल असली की एक वेळचा वरणभात घरी होतो. उलट दोनशे किलोमीटरवरच्या गावी एसटीने जाताना प्रवासखर्चच इतका कमी, की पैशासाठी तिथे जास्त राहायचं काही कारण उरत नाही. युरोपात आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते: शेंगेन देशांत पर्यटक म्हणून कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येतं, आणि हातातल्या व्हिसावर त्याहून कमी दिवस असतील तर तेवढेच.

काही जागांना मात्र लांब मुक्काम मानवत नाही. कास पठारावर सलग पाच दिवस काढून काय करायचं? तिथला फेरा आठवड्यांचा आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनी फुलांचे रंग बदलतात. साताऱ्या-पुण्याच्या माणसाने तिथे एक-एक दिवसासाठी दोनदा जावं, सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाला एकदा. ताडोबाचं वेगळं. जंगल मंगळवारी बंद असतं, वाघ कुणाच्या वेळापत्रकाने चालत नाही, आणि सकाळ-दुपारच्या तीन-चार फेऱ्या झाल्या की माणूस धुळीने आणि जीपच्या हादऱ्यांनी थकतो. दोन रात्री तिथे भरपूर होतात.

सर्वांत लांब मुक्काम हल्ली मराठी माणसं करतात तो अमेरिकेत, मुलांकडे. पर्यटक म्हणून आलेल्या आईवडिलांना तिथे विमानतळावर साधारणपणे सहा महिने राहण्याची मुभा मिळते, आणि तिकीट महाग म्हणून पुरे सहा महिने राहायचा कल असतो. घड्याळातला फरक साडेनऊ तासांपासून साडेतेरा तासांपर्यंत. शरीर तो रोज जेमतेम तासाभराने भरून काढतं, म्हणजे पहिला दीड आठवडा त्यातच गेला. पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार नायगारा, न्यूयॉर्क आणि देवळं यांत जातात. खरा मुक्काम त्यानंतर सुरू होतो. मुलगा-सून सकाळी कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कितीतरी आयांना तिसऱ्या महिन्यात घराची इतकी ओढ लागते, की फोनवर बोलताना आवाज भरून येतो.

इथेही फेरा पाहूनच तारखा ठरवाव्यात, आणि तिथला फेरा शाळेचा आणि थंडीचा आहे. न्यू जर्सीसारख्या भागात शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात. फेब्रुवारीत पोचलेल्या आजी-आजोबांना बर्फ, बंद खिडक्या आणि दिवसभराचा एकटेपणा वाट्याला येतो. मेच्या मध्यावर पोचलं तर घड्याळ जुळायला, रस्ते ओळखीचे व्हायला, पायी जाण्याजोगं वाचनालय आणि बाग शोधायला महिनाभर मिळतो, आणि मग नातवंडं अडीच महिने दिवसभर घरी असतात. सप्टेंबरच्या आसपास गणपती येतात, महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम शनिवार-रविवारी असतात, तिथे आपल्यासारखीच आलेली माणसं भेटतात. ऑक्टोबरात झाडांचे रंग बदलतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे घेतात आणि पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो. परतीचं तिकीट त्याच्या आधीचं असावं. दिवाळीही साधारण याच सुमारास येते, तेव्हा ती नातवंडांबरोबर करायची की आपल्या घरी, हे घरच्यांशी आधी बोलून घ्यावं आणि मगच तारीख टाकावी.